आजारी मुलाला घरून वर्गात बसवता येतं का? येतं, पण आधी त्याला विचारा

तुम्ही विचारलंय की भाचा सातवीत आहे, ब्लड कॅन्सर निघालाय, किमो सुरू झालीये, डॉक्टरांनी सध्या शाळा बंद सांगितलीये, आणि परदेशात अशा मुलांच्या जागी वर्गात रोबोट ठेवतात असं वाचलंत, तर आपल्या इंदूरात असं काही जमेल का आणि खरंच उपयोग होतो का. मी इथंच एका शाळेत सायन्स शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलीसाठी आम्ही हे केलंय, रोबोट नव्हता, साधा जुना मोबाईल होता. जमतं, आणि उपयोगही होतो, पण घरचे लोक सगळे "पोर्शन बुडायला नको" यातच अडकतात आणि मुलाला खरं काय हवंय ते राहूनच जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी रोबोटचं. तुम्ही बहुतेक एव्ही-वन बद्दल वाचलं असेल. नॉर्वेत ओस्लोला नो आयसोलेशन म्हणून कंपनी आहे, 2015 साली सुरू झालेली, त्यांचा तो. पांढरा, नुसतं डोकं आणि खांदे, मुलाच्या बाकावर ठेवायचा. मूल घरी नाहीतर हॉस्पिटलात पडल्या पडल्या टॅबवर बोट फिरवतं तसं ते डोकं वळतं, मूल बोललं की आवाज वर्गात येतो, हात वर करायचा असेल तर डोक्यावरचा दिवा लुकलुकतो. दुसरा प्रकार अमेरिकेतल्या डबल रोबोटिक्सचा, चाकांवर एक दांडा आणि वर टॅब, त्यात मुलाचा चेहरा दिसतो. एव्ही-वनमध्ये मात्र मुलाला वर्ग दिसतो पण वर्गाला मूल दिसत नाही, आणि हे मुद्दाम तसं ठेवलंय. बेल्जियममध्ये बेडनेट म्हणून संस्था आहे, ती तर रोबोटशिवाय, नुसत्या कॅमेरा आणि लॅपटॉपवर आजारी मुलांना वर्गाशी जोडते, आणि तिथल्या फ्लेमिश भागात हा मुलांचा कायद्याने हक्क आहे. म्हणजे मशीन कुठलं यावर फार काही अडत नाही.

अडतं ते दिसण्यावर. या आजारात सुरुवातीचे काही आठवडे स्टेरॉइड देतात, त्याने चेहरा सुजतो, मग केस जातात, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला त्या चेहऱ्याने चाळीस पोरांसमोर यायचं नसतं, कितीही समजावलं तरी नसतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. आमच्या मुलीने पहिल्याच दिवशी सांगितलं, मॅडम मी सगळं करीन पण कॅमेरा नाही. आम्ही तिचा कॅमेरा कायम बंद ठेवला, त्या जागी तिने स्वतः काढलेलं मांजरीचं चित्र लावलं, आणि वर्गात एकदाच सांगितलं की ती ऐकतेय, बघतेय, तिला वाटेल तेव्हा बोलेल. म्हणून तुम्ही भाच्याला आधी विचारा, आणि एकट्याला विचारा, आई-आजीच्या समोर नाही, कारण त्यांच्यासमोर तो "हो चालेल" म्हणेल. दिसायचंय का, कोणत्या पिरियडला बसायचंय, बाजूला कोण हवंय, हे त्याने ठरवायचं. सध्या त्याच्या अंगाचं, खाण्याचं, झोपेचं सगळं दुसरेच ठरवतायत, इथं तरी बटण त्याच्या हातात राहू दे.

आता सामान. एक मोबाईल, बाकावर बसेल असा स्टँड, चार्जिंगला पॉवर बँक, शाळेचं वायफाय वर्गात पोचत नसेल तर वेगळं सिम. गूगल मीट फुकटचं चालतं, तीन किंवा जास्त जण असले की 60 मिनिटांनी कटतं पण दोघंच असले तर दिवसभर चालू राहतं, म्हणून वर्गाचा मोबाईल आणि भाचा एवढेच जोडा, बाकी कोणाला लिंक देऊ नका. फोन दुसऱ्या बाकावर ठेवा, पहिल्यावर ठेवला तर अर्धा फळा फ्रेमच्या बाहेर जातो. खिडकीचा उजेड फळ्यावर पडून अक्षरं दिसत नाहीत, तो पडदा ओढायला कोणाला तरी सांगून ठेवा. आणि सगळ्यात मोठा त्रास आवाजाचा. वर्गात पंखे फुल चालू, घरी नुसती घरघर ऐकू येते, मूल दहा मिनिटांत कंटाळून बंद करतं. मी ओढणीला छोटा कॉलर माइक लावायला लागले तेव्हा कुठे तिला नीट ऐकू यायला लागलं, आणि पुढचा पिरियड ज्यांचा असेल त्यांना तो माइक देऊन निघायचं.

बाजूला बसणारा मुलगा हुशार हवा असं काही नाही, मित्र हवा. आमच्या इथे एक बडबडी मुलगी होती, मार्कांत मागे, पण तीच फोन उचलून लॅबमध्ये न्यायची, "दिसतंय का गं" विचारायची, आणि मीटचा हात वर केल्याचा टिंग आवाज आला की माझ्या आधी तीच ओरडायची, मॅडम ती विचारतेय. आणि रिसेसमध्ये फोन बंद करू नका, ही माझी हात जोडून विनंती. आमची ती आजारी मुलगी तेव्हा ट्रीटमेंटसाठी मुंबईला होती, वडील अवंतिका एक्सप्रेसने जाऊन येऊन करायचे, आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांनंतर (म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ) शाळा भरली तेव्हा पोरांनी डबे खाता खाता तिला हुकुमचंद मिलची झांकी अशी होती, तिथं एवढी गर्दी होती, आम्ही राजवाड्यापर्यंत चालत गेलो, हे सगळं सांगितलं. गणित तिने नंतर ट्यूशन लावून भरून काढलं असतं, हे कुठून भरून काढणार होती?

शाळा तयार होईल का? बहुतेक होते, लॉकडाऊननंतर प्रत्येक टीचरला मीट येतंच. प्रिन्सिपलना भीती असते रेकॉर्डिंगची आणि दुसऱ्या पालकांची. तेव्हा अर्जातच लिहा की रेकॉर्डिंग होणार नाही, फोन शाळेत क्लासटीचरकडे राहील, ठरलेल्या पिरियडलाच चालू होईल, सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. आणि पीटीएममध्ये, म्हणजे पालक-शिक्षक मीटिंगमध्ये, बाकीच्या पालकांना आधी सांगायला लावा. हजेरीचं सीबीएसईत 75 टक्क्यांचं बंधन दहावी-बारावीच्या बोर्डाला आहे, सातवीचं शाळेच्या हातात असतं, त्यामुळे परीक्षेला सूट, घरून पेपर, जे काय ठरेल ते तोंडी न ठेवता लिहून घ्या.

रोज बसवू नका. कमरेतून मणक्यात इंजेक्शन दिलेल्या दिवशी पडून राहायचं असतं, रक्तातल्या पेशींचे काउंट खाली असले की थकवा इतका की एक पिरियडही खूप होतो. नाही बसला तर "आज का नाही बसलास" असं घरातल्या कोणीच विचारू नका. थॅलेसेमियाच्या मुलांचे पालक हे वाचत असतील तर तुम्हालाही हे लागू पडतं, दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला जाताना जो दिवस जातो त्या दिवसापुरतं हे लावता येतं, शिवाय थॅलेसेमिया 2016 च्या दिव्यांग कायद्यात आहे, शाळेशी बोलताना ते सांगा.

मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये जो जास्त दिसतो त्या एएलएलचा इलाज साधारण दोन ते तीन वर्षं चालतो, पण पहिले काही महिने जड असतात, मग मेंटेनन्समध्ये, म्हणजे शेवटच्या लांब टप्प्यात, गोळ्या सुरू असतानाच बरीच मुलं परत शाळेत जातात. भाच्याला कधी पाठवायचं ते त्याचे डॉक्टरच सांगतील. तोवर क्लासटीचरना एक काम आत्ताच सांगून ठेवा. तो वर्गात यायला लागला की कुठल्याही मुलाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी तुम्हाला फोन करायचा, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही, कारण किमोवरच्या मुलाला या दोन्ही गोष्टी फार धोक्याच्या असतात आणि संपर्क आल्यावर द्यायचं औषध लवकर द्यावं लागतं. आमच्या वर्गात हा निरोप सगळ्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता, एकानेही कुरकुर केली नाही. मीटच्या सेटिंगमध्ये किंवा अर्जाच्या मसुद्यात काही अडलं तर खाली विचारा, मी सांगते.