तिट दबतो, काकू ओरडतात

प्रश्न : वय 29, गोरेगावला राहते, नोकरी अंधेरीला. घरी पोचायला सात. तबल्याच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा लग्नाआधी झाल्या, आता विशारद करतेय. रोज तासभर बसायचं ठरवते, जमतं आठवड्यातून दोनदा. मग रविवारी चार तास. बसले की आधी ‘धाधा तिट धाधा तूना’ हा आवडता कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, पूर्ण वाजवते, म्हणजे मूड येतो. तरी क्लासमध्ये दुप्पट लय आली की त्यातला ‘तिट’ हा बोल दबतो, स्वच्छ उमटत नाही, आणि गुरुजी म्हणतात, रियाज नाही. सासूबाईंची कुरकूर, वरच्या काकूंची तक्रार वेगळीच. दहा दिवस रजा टाकून छोटा चिल्ला करू का?

उत्तर : अगं, चिल्ला म्हणजे चाळीस दिवस स्वतःला कोंडून घेऊन केलेला रियाज. ज्यांच्यामागे डबा, लोकल आणि महिनाअखेर नाही त्यांनी तो करावा. तू दहा दिवस सकाळ-संध्याकाळ बडवत बसलीस, तर तिटच्या आधी मनगट बोलेल.

पाणी मुरतंय ते त्या ‘मूड’मध्ये. ‘धाधा तिट धाधा तूना’ तुला येतोच, पलट्यांसकट (तेच बोल उलटसुलट फिरवून) आणि शेवटच्या तिहाईसकट (तीनदा वाजवायच्या तुकड्यासकट). वेळ सगळा येणाऱ्या गोष्टीत जातो, आणि नडणारा तिट त्या ओघात दर वेळी तसाच दबून पुढे सरकतो. म्हणजे तू रियाज करतेयस, पण दबलेल्या तिटचा!

रोज 40 मिनिटं पुरेत. त्यातली पहिली 20 नुसत्या तिटला दे. ॲपवर तीनतालाचा लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी फिरती धून, लाव, मिनिटाला 60 मात्रा, मात्रेला दोनच अक्षरं. दिल्लीच्या बाजात, म्हणजे वादनशैलीत, ति मधल्या बोटाने आणि ट तर्जनीने वाजवतात. तुझ्या गुरुजींची बोटं वेगळी असतील तर तीच धर, यूट्यूब बघून बदलू नकोस. दोन्ही अक्षरं सारखी ऐकू येतात का, तर्जनी तबल्याच्या काळ्या शाईवर चिकटून राहते का, एवढंच बघ. पाच आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) सलग स्वच्छ आली की लय मिनिटाला चार मात्रांनी वाढव. दबला की मागे ये. कंटाळा येईल, येऊ दे. मग कायदा, तोही ठायीत, म्हणजे संथ लयीत, सुरू करून. शेवटची पाच मिनिटं मनाला येईल ते वाजव, मूडचे लाड तेव्हा.

पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, ट्रेनमध्ये होते. अंधेरी-गोरेगाव जेमतेम दहा मिनिटं, आणि गर्दीत हात हलवायला जागा नसतेच, तेव्हा तोंडातल्या तोंडात म्हण. तोंडात अडखळणारा बोल हातातही अडखळतो.

पावसाळ्यात पुडी (तबल्यावरचं कातडं) सैल पडून सुरात उतरते, म्हणून रोज हातोडी घेऊन बसू नकोस. तिट घोटायला सूर थोडा खाली असला तरी चालतं. तबला-डग्ग्याची जोडी खिडकीपासून लांब ठेव, सुरात नीट लावायचं काम रविवारचं. रविवारी चार तासांऐवजी सकाळी तास, संध्याकाळी तास, आणि त्यातली दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड कर. लगेच नको, सोमवारी ऐक.

आता घर. साडेसात ते आठ-दहा ही वेळ जाहीर करून टाक. ‘बसू का?’ असं सासूबाईंना विचारायचंच नाही. कुकर नवरा लावेल. लग्नाआधी तुझा तबला कौतुकाने ऐकला असेलच ना त्याने? वरच्या काकूंकडे स्वतः जा आणि आठ-दहाला थांबते म्हणून सांग. आणि खरंच थांब, तिट कितीही रंगात आलेला असला तरी. पुडीवर रुमाल टाकून वाजवणं बोटांच्या व्यायामाला ठीक, पण निकास, म्हणजे बोल कसा निघतोय ते, कळत नाही. तो उपाय काकूंकडे पाहुणे असतील त्या दिवसापुरता.

रजा मात्र टाकू नकोस. गणपतीत लागेल.