‘मिलिंद’ हे नाव मूळचे ग्रीक आहे का?

प्रश्न : माझे नाव मिलिंद. शाळेत संस्कृतच्या तासाला या शब्दाचा अर्थ ‘भुंगा’ असा शिकलो होतो. परंतु अलीकडे एका व्याख्यानात हे एका यवन राजाचे नाव असून ते मूळचे ग्रीक आहे, असे ऐकले. यांतले खरे कोणते? तसे असल्यास मूळ ग्रीक नावाचा अर्थ काय, आणि ते आणखी कोणाकोणाचे होते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण शाळेत शिकलात तेही खरे आणि व्याख्यानात ऐकलेत तेही खरे. संस्कृत काव्यात मिलिंद म्हणजे भुंगाच. पण पाली ‘मिलिंदपञ्ह’ (‘मिलिंदाचे प्रश्न’) या बौद्ध ग्रंथातला मिलिंद राजा म्हणजे इंग्रजी वळणाने आपण ज्याला मिनँडर म्हणतो, तो ग्रीक राजा मेनान्द्रोस होय.

मेनान्द्रोस हे नाव दोन शब्दांचे बनलेले आहे. उत्तरपद ‘पुरुष’ या अर्थाचे आहे. तेच अलेक्झांडर या नावातही येते, आणि आपला ‘नर’ हा शब्द त्याच्याच कुळातला आहे. पूर्वपद सामान्यतः ‘मेनो’, म्हणजे ‘टिकून राहणे, पाय रोवून उभे राहणे’, या धातूवरून लावतात. काही अभ्यासक ते ‘मेनोस’, म्हणजे बळ किंवा आवेश, या शब्दाशी जोडतात, आणि हा शब्द संस्कृत ‘मनस्’चा सख्खा भाऊ आहे. पहिली व्युत्पत्ती स्वीकारली तर ‘शत्रूपुढे न हटणारा पुरुष’ असा अर्थ होतो आणि तो सैनिकी समाजात मुलाच्या नावाला शोभण्याजोगा आहे.

ग्रीक जगात हे नाव दुर्मिळ नव्हते. इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीच्या मोहिमेत अथेन्सचा जो दारुण पराभव झाला, त्या वेळच्या सेनापतींत एक मेनान्द्रोस होता. अलेक्झांडरच्या सरदारांपैकी लिडिया प्रांताचा एक क्षत्रपही याच नावाचा होता. आणि इसवी सनाच्या सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये या नावाच्या इतिहासकाराने आपल्या काळाचा वृत्तांत लिहिला. परंतु ग्रीकांना या नावाने पहिल्यांदा आठवत असे तो अथेन्सचा नाटककार. इ.स.पू. ३४२ च्या सुमारास जन्मलेल्या या लेखकाने शंभराहून अधिक सुखात्म नाटके लिहिली. त्यांत राजकारण्यांची टवाळी नव्हती. हट्टी बाप, प्रेमात पडलेले तरुण, हुशार गुलाम अशी घराघरातली माणसे होती, आणि पुढे रोमच्या नाटककारांनी तीच आपल्या रंगभूमीवर आणली. मूळ नाटके मात्र मध्ययुगात लुप्त झाली. शतकानुशतके हा थोर लेखक इतरांनी उद्धृत केलेल्या सुभाषितांपुरताच उरला होता, याचे मनापासून वाईट वाटते. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांनी तो काही अंशी परत मिळवून दिला, आणि एका तिरसट शेतकऱ्याविषयीचे त्याचे ‘दिस्कोलोस’ हे जवळजवळ संपूर्ण नाटक १९५८ साली प्रसिद्ध झाले.

आता आपल्या मिलिंदाकडे वळू. हा राजा इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यास काबूलच्या खोऱ्यापासून पंजाबपर्यंतच्या प्रदेशावर राज्य करीत होता, आणि पाली ग्रंथ त्याची राजधानी सागल, म्हणजे बहुधा आजचे सियालकोट, असल्याचे सांगतो. त्याच्या नावाचा सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे त्याची नाणी. त्याच्या चांदीच्या नाण्याच्या एका बाजूस राजाचा मुखवटा असून भोवती ग्रीक अक्षरांत ‘बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू’, म्हणजे ‘त्राता राजा मेनान्द्रोस याचे’, असे लिहिलेले असते. दुसऱ्या बाजूस वज्र उगारलेली अथेना देवी असते आणि उजवीकडून डावीकडे वाचावयाच्या खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ ही प्राकृत अक्षरे असतात. ग्रीक नाव भारतीय जिभेवर कसे रुळले, ते एकाच नाण्याच्या दोन बाजूंवर असे समोरासमोर वाचता येते. ‘मेनंद्र’चा पुढे पालीत ‘मिलिंद’ झाला. लागोपाठच्या दोन अनुनासिकांपैकी एकाचा ‘ल’ झाला, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. शेवटच्या ‘इंद’ला ‘इंद्र’ या ओळखीच्या शब्दाचा आधार मिळाला असावा, असे मला वाटते.

ही नाणी फार काळ टिकली. राजानंतर सुमारे दोनशे वर्षांनी एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात, बारिगाझा म्हणजे भडोच येथे मेनान्द्रोसचे जुने द्रम्म अजून चालतात, अशी नोंद आहे. पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून याच बंदरात जात असे, असेही तोच लेखक सांगतो. तेव्हा आपल्याकडच्या काही व्यापाऱ्यांच्या हाताखालून ही नाणी गेली असतील, असे मानण्यास हरकत नाही.

मिलिंदपञ्हातल्या राजा आणि भिक्षू यांच्या संवादाचा आरंभ तर नावावरच्या चर्चेनेच होतो. राजा भिक्षू नागसेनांना विचारतो, “भदंत, आपले नाव काय?” ते म्हणतात की, मला नागसेन म्हणतात, आईवडील नागसेन, शूरसेन, वीरसेन अशी नावे ठेवतात; पण ही केवळ संज्ञा आहे, तिच्यामागे कोणी स्थिर व्यक्ती सापडत नाही. राजाला हे पटत नाही. तेव्हा नागसेन त्याला, ज्या रथातून तो आला त्याविषयी विचारतात : दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी राजाला ‘नाही’ म्हणावे लागते, आणि या सगळ्यांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालते, असे शेवटी तो स्वतःच सांगतो.

महाराष्ट्रात या राजाचे नाव नव्याने रुजले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत १९५० साली सुरू केलेले महाविद्यालय मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले जाते आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू अशी दोघांची नावे तेथे शेजारी आली आहेत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक बौद्ध कुटुंबांनी मुलांची नावे मिलिंद ठेवली ती या राजाच्या स्मरणार्थ. इतर अनेक घरांत तेच नाव संस्कृत शब्दाच्या गोडव्यासाठी ठेवले गेले. आपले नाव यांपैकी कोणत्या विचाराने ठेवले गेले, हे मात्र आपल्या घरची वडीलधारी मंडळीच सांगू शकतील.