रोड ट्रिपमध्ये वाटेतलं अनोळखी शहर पायी फिरावं का?

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा: ते गाडीने बदामी-हंपीला निघालेत, वाटेत विजापूरला एक दिवस मुक्काम आहे, आईवडील सोबत आहेत. शहर पायी बघणं जमेल का, की गाडीनेच एकेक ठिकाण करावं?

जमेल. पायीच फिरा. गाडी लॉजच्या आवारात लावा आणि संध्याकाळपर्यंत तिच्याकडे बघू नका.

माझं हे मत आमच्या घरात कुणाला पटत नाही, विशेषतः भावजींना. भावजी म्हणजे माझे थोरले दीर. त्यांचं म्हणणं, "गाडी घेऊन आलोय ना? मग पाय कशाला झिजवायचे?" आम्ही छत्रपती संभाजीनगरचे. बीड, तुळजापूर, सोलापूर, विजापूर हा सगळा एकच ५२ नंबरचा महामार्ग, त्यामुळे बदामीला जाताना विजापूर आमच्या वाटेतच होतं. मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी, जाऊबाई आणि मुलं गाडीत बसली. मी आणि माझी लेक चालत निघालो.

गोलघुमटापाशी मात्र सगळे बरोबर होतो. तिथे भल्या सकाळीच जा, हे मी ठासून सांगेन. कोपऱ्यातल्या बुरुजातले अरुंद, उंच पायऱ्यांचे जिने चढून वर गेलात की घुमटाच्या आतून फिरणारा सज्जा लागतो. तिथे एका टोकाला भिंतीशी पुटपुटलेलं पलीकडच्या टोकाला ऐकू येतं, आणि मधलं अंतर जवळपास ३८ मीटर आहे. पण शाळांच्या सहली आल्या की सगळी पोरं एकदम ओरडतात आणि मग कुणालाच काही ऐकू येत नाही. पहिल्या तासाभरात गेलात तरच ती जागा तुमची. खाली मुहम्मद आदिलशहाची कबर आहे. त्याची कारकीर्द १६२७ ते १६५६. म्हणजे शहाजीराजे ज्याच्या चाकरीत होते आणि ज्याच्या मुलखात शिवाजी महाराजांनी पहिले किल्ले घेतले, तोच हा. मराठी माणसाने तिथे नुसता घुमट बघून परतू नये असं मला वाटतं.

तिथून भावजींची गाडी पुढे गेली आणि आम्ही जामा मशिदीकडे चालायला लागलो. अंतर किलोमीटरभर किंवा थोडं जास्त. मशिदीच्या फरशीवर नमाजासाठी एकेका माणसाची चौकट आखलेली आहे. अशा सव्वादोन हजारांच्या आसपास चौकटी आहेत आणि त्या औरंगजेबाने आखून घेतल्या असं सांगतात. १६८६ मध्ये विजापूर पडलं, त्यानंतरची ही गोष्ट.

आता मूळ मुद्दा. मशिदीतून बाहेर पडून आम्ही आर्किल्ल्याच्या, म्हणजे शहराच्या आतल्या बालेकिल्ल्याच्या, दिशेने निघालो. या रस्त्यावर मेहतर महाल लागतो. नाव महाल असलं तरी तो आहे एका छोट्या मशिदीचा दरवाजा, पण त्याच्या सज्जाखालच्या दगडी टेकूंवरचं कोरीवकाम इतकं नाजूक की ते लाकूड नाही हे हात लावून बघावंसं वाटतं. तिथून पुढे वस्तीत शिरलो. घरं, एक पिठाची गिरणी, वाळत घातलेले कपडे, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक चौकोनी दगडी मनोरा. दोन-तीन मजली घराएवढा उंच. ना दार, ना पाटी, ना तिकीट. लेक म्हणाली, "आई, हे काय आहे?"

मला ते बघताक्षणी कळलं. माझे वडील पाणीपुरवठा खात्यात होते. रविवारी ते आम्हा भावंडांना पाणचक्कीवर न्यायचे आणि तिथल्या नहरीचं पाणी मैलोन् मैल मातीच्या नळांतून, कुठल्याही पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या आणि दाबाच्या जोरावर कसं येतं हे जमिनीवर काडीने रेघोट्या ओढून समजावायचे. वाटेत उंच मनोरे का बांधावे लागतात, हेही. नळातला दाब तिथे मोकळा होतो आणि पाण्यातला गाळ तळाशी बसतो. मनोरा नसेल तर नळ फुटतो.

समोरच्या दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांना मी विचारलं. ते दखनीत बोलत होते, मी मराठीत, आणि दोघांचंही काही अडलं नाही. म्हणाले, "ये गंज है अक्का. पानी का गंज." मग दुकान नातवावर सोडून ते स्वतः आमच्याबरोबर पुढच्या गल्लीत आले आणि दुसरा गंज दाखवला. गावात असे आणखी आहेत म्हणाले. विजापूरचा मुलूख कोरडा. एवढं मोठं राजधानीचं शहर तिथे उभं राहिलं ते जवळच्या तोरवी गावाहून आणि दक्षिणेच्या बेगम तलावातून आणलेल्या पाण्यावर. बेगम तलाव १६५१ चा, आणि त्याचं पाणी शहरात आणणाऱ्या नळांचं काम अफझलखानाच्या देखरेखीखाली झालं. तोच अफझलखान. प्रतापगडाच्या आठ वर्षं आधी हा माणूस शहराला पाणी पुरवत होता. हे कळल्यावर मी तिथे रस्त्यात उभीच राहिले. वडील असते तर त्यांना त्याच क्षणी फोन केला असता.

संध्याकाळी लॉजवर भावजींनी विचारलं, "मग वहिनी, काय पाहिलंत दिवसभर?" मी गंजाबद्दल सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे पाण्याची टाकी बघून आलात. आम्ही दोन तासांत सगळं विजापूर उरकलं." जेवणाच्या ताटावर सगळे हसले. तेव्हा मी गप्प बसले, पण आज सांगते. त्यांनी विजापूर उरकलं नाही, विजापुरातल्या पाच पार्किंगच्या जागा उरकल्या. गोलघुमटापासून मलिक-ए-मैदान तोफेपर्यंत गाडीत मुलं मोबाईल बघत होती हे जाऊबाईंनीच मला सांगितलं. ही ठिकाणं एका शहराची आहेत, त्यांना रस्त्याने, पाण्याने, तटाने जोडलेलं होतं, आणि ते जोडकाम फक्त चालणाऱ्यालाच दिसतं. माझी लेक आज स्थापत्य अभियांत्रिकीला आहे. त्या गल्लीमुळेच, असा माझा दावा नाही. पण त्या दिवशी तिने वहीत गंजाचं चित्र काढलं होतं आणि गोलघुमटाचं काढलं नव्हतं.

पुढचा रस्ता पटकन सांगते. आर्किल्ल्यात गगन महालाची ती प्रचंड कमान बघा (१५६१ ची). जवळच बारा कमान, दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर, नुसत्या काळ्या कमानी आणि वर आभाळ. दुपारी जेवायला एखादी साधी खानावळ शोधा: ज्वारीची पातळ कडक भाकरी, शेंगाचटणी, भरली वांगी, वर दही. मेनूकार्ड असलेल्या हॉटेलात जाऊ नका. ऊन कलल्यावर पश्चिमेकडे मलिक-ए-मैदान. ही तोफ १५४९ मध्ये आपल्या अहमदनगरला ओतलेली, वजन ५५ टनांच्या घरात, तोंडाशी हत्तीला जबड्यात धरलेला सिंह. १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार पंडिताने ती परांड्याहून इथे आणली. परांडा ते विजापूर हे अंतर आपण गाडीतून सहज कापतो, म्हणून तोफेला हात लावून थोडं थांबा आणि तिला ओढणाऱ्या बैलांचा विचार करा. जवळच उपली बुरूज आहे, बाहेरून पायऱ्या असलेला. वर चढलात की सकाळी जिथून निघालात तो घुमट पूर्वेला दिसतो आणि दिवसभरात किती चाललो ते डोळ्यांना कळतं. शेवटी तटाबाहेर इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर. माझ्या मते कारागिरीत तो गोलघुमटापेक्षा सरस आहे.

आता आईवडिलांचं. हे आधी लिहायला हवं होतं, पण गंजाचा विषय निघाला की माझा हात थांबत नाही. गोलघुमट ते इब्राहिम रोजा हे सलग साडेचार-पाच किलोमीटर भरतं, आत-बाहेर फिरणं वेगळं. गुडघ्यांचा त्रास असेल तर त्यांना गोलघुमटाचे जिने चढवू नका, खाली बागेत बसू द्या. जामा मशीद ते बारा कमान हा टप्पा मात्र त्यांनाही चालवा, जमीन सपाट आहे आणि मध्ये बसायला कट्टे, चहा सगळं मिळतं. दुपारी त्यांना लॉजवर सोडा. मार्चनंतर जात असाल तर तुम्हीही अकरा ते चार सावलीतच राहा, तिथलं ऊन आपल्या मराठवाड्यासारखंच आहे. एकटी बाई असाल तर वस्तीतल्या गल्ल्या दिवसाउजेडी करा. मला कुणी त्रास दिला नाही, पण माझ्यासोबत लेक होती. दर शुक्रवारी दुपारी जामा मशिदीत नमाज असते, ती वेळ टाळा. आणि प्रत्येक शहराला हा हिशेब लागू होत नाही. सोलापूर मी कधी असं फिरले नाही, त्याबद्दल मला विचारू नका.

एक सोय करून ठेवा. चारच्या सुमाराला घरातल्या कुणा एकाने रिक्षाने लॉजवर जावं, आईवडिलांना गाडीत घ्यावं आणि थेट इब्राहिम रोज्याच्या फाटकाशी यावं. तुम्ही चालत पोहोचा. तिथल्या हिरवळीवर सगळे एकत्र बसा. आमच्या वेळी ही गाडी आणायला भावजी तयार झाले नाहीत. तुमच्याकडे कोणीतरी होईल.