टोमॅटो, वांगं, भेंडी ही फळं की भाज्या?

दोन्ही. वनस्पतिशास्त्रात फुलाच्या अंडाशयापासून तयार होतं ते फळ. भोपळ्याच्या वेलावर बघा: मादी फुलाच्या पिवळ्या पाकळ्यांखाली सुपारीएवढा भोपळा आधीच दिसतो, नर फुलाला नुसता देठ. परागीभवन झालं की तोच भोपळा वाढतो. टोमॅटो, वांगं, भेंडी, मिरची, शेवग्याची शेंग, सगळी या हिशोबाने फळंच. मेथी म्हणजे पानं, गाजर मूळ, बटाटा खोड.

'भाजी' हा मात्र स्वयंपाकघरातला शब्द. तिथे चव आणि वापर बघतात. कोवळ्या फणसाची भाजी होते, पिकला की त्याचेच गरे आपण फळ म्हणून खातो. अमेरिकेत तर १८९३ मध्ये आयात करासाठी सर्वोच्च न्यायालयाने टोमॅटोला भाजी ठरवलं, कारण लोक तो जेवणात खातात.

मला वाटतं, मराठीने हा प्रश्न कधीच सोडवलाय: पालेभाजी आणि फळभाजी!

उलटा प्रकार काजूचा. रसाळ बोंडू म्हणजे फुगलेला देठ. खरं फळ खाली लटकणारी बी, जिच्यात काजूगर असतो.