समुद्रतळाचा गाळ: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: नद्यांचा गाळ किनाऱ्याजवळच साचतो. मग हजारो किलोमीटर आत, खोल तळावर गाळ येतो कुठून?

उत्तर: बराचसा वरून पडतो. वाऱ्याने आणलेली वाळवंटातली धूळ, ज्वालामुखींची राख आणि पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांची कवचं. सुटं बारीक कवच तळाशी पोचायला वर्षं लागतील; पण प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, हे जीव खातात आणि त्यांच्या विष्ठेच्या गोळ्यांत बांधलेली कवचं काही आठवड्यांतच खाली उतरतात. मला या विषयातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. असा चिखल हजार वर्षांत एक-दोन सेंटीमीटर चढतो.

प्रश्न: ही कवचं बरीचशी चुन्याची, पांढरी असतात. मग सगळा तळ पांढराशुभ्र का नाही?

उत्तर: साधारण साडेचार किलोमीटरखाली पाणी थंड, दाब प्रचंड आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त. तिथे चुन्याची कवचं पडतात त्याहून वेगाने विरघळतात. उरते तांबूस चिकणमाती, हजार वर्षांत जेमतेम मिलिमीटरभर.

प्रश्न: खंडान्त उतारावरचा, म्हणजे खंडाच्या कडेपासून खोल तळाकडे जाणाऱ्या उतारावरचा, गाळ जागचा हलत नाही का?

उत्तर: हलतो, आणि हलला की भयंकर वेगाने. 18 नोव्हेंबर 1929 रोजी कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिणेला, ग्रँड बँक्स या उथळ समुद्रभागाजवळ भूकंप झाला. जवळच्या समुद्राखालच्या टेलिग्राफ तारा लगेच तुटल्या, पण उताराखालच्या पुढचे तेरा तास एकामागून एक तुटत गेल्या. संदेश थांबला ती वेळ नोंदलेली होतीच. 1952 मध्ये हीझन आणि युइंग या समुद्रतळाच्या अभ्यासकांनी त्या वेळा जुळवून दाखवलं की गाळ मिसळलेल्या जड पाण्याचा लोंढा तळाला घासत धावला होता. असा लोंढा मंदावला की आधी जाड वाळू बसते, मग बारीक, शेवटी चिखल. खोल तळातून नळीने काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यात वाळूचा असा थर दिसला, की तो उतारावरून आला हे कळतं. वरून संथपणे पडणाऱ्या गाळात एवढी वाळू नसतेच. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ याच वाटेने बंगालच्या उपसागरात सुमारे 3,000 किलोमीटर दक्षिणेपर्यंत पसरला आहे.

प्रश्न: एवढ्या काळात समुद्र भरून कसा गेला नाही?

उत्तर: कारण तळ समुद्राइतका जुना नाही. सागरी कटकांवर, म्हणजे समुद्राखालच्या डोंगररांगांवर, तो नव्याने तयार होतो आणि गर्तांमध्ये, म्हणजे तळावरच्या खोल चरांमध्ये, पृथ्वीच्या पोटात खाली जातो. 20 कोटी वर्षांहून जुना तळ क्वचितच सापडतो. म्हणून कटकाच्या माथ्यावरचा खडक जवळपास उघडाच असतो, आणि तिथून दूर जावं तसा गाळ जाड होत जातो.