कधीच न भेटलेल्या परदेशी सहकारिणीशी खरी मैत्री होऊ शकते का?

तुम्ही विचारलंय, की फक्त कॉल आणि ईमेलवर काम केलेल्या सहकारिणीला मैत्रीण म्हणावं का, आणि जवळीक वाढवायला काय करावं. म्हणा की! परवानगी कोणाची हवीय? आणि जवळीक वाढवायला मुद्दाम काहीही करू नका. हे ठासून सांगते, कारण आमच्या तेव्हाच्या मॅनेजरला ते कधीच पटलं नाही.

त्याचं म्हणणं, कॅमेरे चालू ठेवा, दर शुक्रवारी ऑनलाइन खेळ घ्या, माणसं आपोआप जवळ येतात. स्वतःबद्दल दोन खऱ्या गोष्टी सांगायच्या, एक खोटी, बाकीच्यांनी ओळखायची. त्यातून मला कोणाचंच काही कळलं नाही. आज जिच्याशी माझं सगळ्यात जास्त पटतं, ती माझ्या वाट्याला आली माझं कोड तपासणारी म्हणून. 'या नावावरून काही बोध होत नाही.' 'ही अट खरी कधी ठरणार?' ना हॅलो, ना थँक्यू. तिची कमेंट दिसली की माझ्या कपाळाला आठी पडायची.

मग बिलांचं प्रकरण झालं. तिच्या देशात हिवाळ्याआधी घड्याळं तासभर मागे घेतात, म्हणजे त्या रात्री दीड दोनदा वाजतो. केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या कोणीतरी बिलांचा प्रोग्राम नेमका दीडला लावून ठेवलेला. तो दोनदा चालला आणि ग्राहकांना दोन-दोन बिलं गेली. माझ्याकडे उजाडलेलं, तिची झोपमोड झालेली. कॉल चालू ठेवून आम्ही लॉग, म्हणजे प्रोग्रामने आपोआप केलेल्या नोंदी, चाळत बसलो. बराच वेळ नुसती तिच्या कीबोर्डची खटखट. शेवटी प्रोग्रामची वेळ यूटीसीवर टाकली, म्हणजे कधीच मागेपुढे न होणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेवर. त्या दिवसापासून तिच्या शेऱ्यांखाली तिच्या कुत्र्याच्या तक्रारीही यायला लागल्या. शेरे मात्र तेवढेच कडक.

मॅनेजरला मी डार्विनचाही दाखला दिला होता. १८५५ साली त्याने अमेरिकेतल्या एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलं, ते तिथल्या डोंगरमाथ्यावरच्या वनस्पतींची माहिती हवी म्हणून. चक्क कामाचं पत्र. १८५७ साली, आपल्या उत्क्रांतीच्या सिद्धांताबद्दल काहीही छापलेलं नसताना, त्याचा गोषवारा ग्रेलाच पाठवला. ग्रे आस्तिक, निसर्गामागे ईश्वरी योजना आहे असं मानणारा. डार्विनला ते पटेना. वाद मिटला नाही, मैत्रीही तुटली नाही. यावर मॅनेजर म्हणाला, 'अहो, तो डार्विन होता.' आता काय बोलणार!

माझे वडील आजारी असताना तिने माझ्या रात्रपाळ्या परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतल्या. मला कळलं ते वेळापत्रक उघडल्यावर. हे शुक्रवारच्या खेळातून येत नाही हो.

अर्थात आमचा हुद्दा सारखाच होता. तुमच्यापैकी एकीच्या हातात दुसरीची पगारवाढ असेल तर जरा जपून. आणि खाजगी गोष्टी ऑफिसच्या चॅटवर लिहू नका, कंपनीला त्या वाचता येतात. स्वतःचा नंबर आत्ताच देऊन ठेवा. राजीनाम्यानंतर खातं बंद झालं की शोधत बसाल.