डाउनलोड्स हरवला नाही, सरकलाय

विंडोजमधला 'डाउनलोड्स' फोल्डर जागेवर दिसेना म्हणालास ना? घाबरू नको बे, फाइली कुठं गेल्या नाहीत. माउसनं ओढताना 'डाउनलोड्स' शेजारच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये पडलाय, एवढंच. आत्ताच झालं असेल तर आधी कंट्रोल-झेड (शेवटची चूक मागं घेणारं) दाबून बघ, निम्मी दुखणी तिथंच मिटतात. मधे कॉम्प्युटर बंद केला असशील तर ते चालायचं नाही.

मग सरकलेल्या 'डाउनलोड्स' फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन टॅब. इथं घाई करू नको. 'रिस्टोअर डिफॉल्ट' दाबायच्या आधी चौकटीतला पत्ता नीट वाच. दाबून ओके केलंस की जुन्या फाइली हलवू का, असं विंडोज विचारतं. पत्त्याच्या शेवटी 'डाउनलोड्स' असेल तर बिनधास्त 'येस'. नुसतंच 'डी:\' दिसत असेल तर मात्र 'नो', नाहीतर ते अख्खा डी ड्राइव्ह उचलून सी ड्राइव्हमध्ये कोंबायला लागतं. मी 'येस' दाबलं होतं, भर मे महिन्यात, आणि मधेच लाइट गेली. बहिणीच्या लग्नाचे अर्धे फोटो इकडं, अर्धे तिकडं. दुसऱ्या दिवशी नवी पेठेत जाऊन आधी यूपीएस, म्हणजे लाइट गेली तरी कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारा डबा, घेतला.

लोकेशन टॅबच दिसत नसेल तर तो साधा फोल्डर आहे. कट करून मूळ जागेवर पेस्ट कर.